नानांचा मासा

पक्षाघाताने नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. त्यांना नि मायला मी माझ्या जळगावच्या फ्लॅटवर आणलं. नाना दोन चमचे पेज घ्यायचे आणि तोंड मिटायचे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आठवडाभरात खाणं वाढलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. मग आवडतं काय, असं विचारलं. मी म्हणाले, मासे. पांढरा, बिनकाट्याचा मासा मऊ शिजवून द्या, तिखट-तेल जवळपास नको, असं कागदावर लिहून मिळालं.

इथेच माझी पंचाईत झाली. बापाचा जीव माशात, आणि लेकीला मासा धरता येत नाही. नरडाण्याजवळच्या आमच्या घरात मासा स्वयंपाकघरात कधी शिरलाच नाही, कारण माय माळकरी. नाना तापीवरून मासा आणायचे, अंगणात तीन दगडांवर वेगळ्या पातेल्यात शिजवायचे, तिथेच बसून खायचे. पातेलं गोठ्यात पालथं घालायचे, खळखळून चूळ भरायचे आणि मगच उंबरा ओलांडायचे. कांदा निखाऱ्यात काळाकुट्ट भाजायचे, एवढंच मला आठवत होतं, आणि तेच आता चालणार नव्हतं.

पहिल्या दिवशी हळद, मीठ, आलं लावून तुकडे ढोकळ्याच्या भांड्यात वाफवले. काटा राहिला तर, या भीतीने बोटांनी इतके चाचपले की त्यांचा भुगाच झाला. नानांनी तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी लसणाच्या पाण्यात शिजवून तांदळाच्या पिठाने रस्सा दाट केला. त्यांनी डाव्या हाताने वाटी ढकलली, थेट दाराच्या दिशेने. फेकून दे म्हणतायत, असं मी समजले. तिसऱ्या दिवशी तव्यावर थेंबभर तेलात परतला, वर लिंबू पिळलं. वास तर छान सुटला होता. वाटी पुन्हा दाराकडे गेली.

माझा तोल सुटला. बोलता न येणाऱ्या माणसाला मी खूप बोलले. नळी घालतील तेव्हा कळेल, असंही म्हणाले, आणि दुसऱ्याच क्षणी स्वतःची शरम वाटली. माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं.

मासा शिजायला लागला की माय आतल्या खोलीत दार लोटून बसायची. ती बाहेर आली. तिने वाटीतला तुकडा उचलला. जन्मात पहिल्यांदा तिचा हात माशाला लागला असेल. तो घास ती नानांच्या तोंडाशी घेऊन गेली, तर नानांनी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं आणि तोंडापासून लांब केलं. सोडेचनात. मायच्या डोळ्यांत पाणी आलं.

"त्यासले भाईर बसाड," ती मला म्हणाली. "मन्हा घरमा नई खातीन त्या."

माय राहते त्या घरात नाना मासा खाणार नव्हते, पण तिसऱ्या मजल्यावर अंगण कुठून आणायचं? मी नानांना खुर्चीसकट ओढत गॅलरीत नेलं, दोरीवरचे ओले कपडे बाजूला सारले. माय आतच, दारात उंबऱ्याच्या जागी असलेल्या दगडी पट्टीअलीकडे उभी राहिली. नानांनी माझ्या हातून पाच घास खाल्ले, सावकाश, डोळे मिटून.

खाणं झालं तसे ते काहीतरी शोधायला लागले. आत न्यायला खुर्ची हलवली तर कठडा घट्ट धरून बसले. त्यांना चूळ हवी होती. मी पेला ओठांना लावला, पण तोंडात पाणी ठरेना, वाकड्या ओठातून सगळं सदऱ्यावर ओघळलं. दुसऱ्यांदा ठसका लागला. मी पेला घेऊन नुसती उभी राहिले.

माय पट्टी ओलांडून आली. तिने पदराचं टोक पेल्यात बुडवलं, बोटाला गुंडाळलं आणि त्यांचे ओठ, दात, गालाची आतली बाजू पुसून काढली. नानांनी पुसू दिलं. मग त्यांनी कठडा सोडला.