लाल टॅग

हे मी बायकोला सांगितलेलं नाही, आईला नाही, आणि जिला सांगायला हवं त्या ताईला तर नाहीच. तुम्ही ना ओळखीचे, ना नात्यातले, म्हणून तोंड उघडतोय.

आमचं घर म्हणजे भिलाईच्या टाउनशिपमधलं क्वार्टर. बाबा स्टील प्लांटमध्ये, मेंटेनन्सला. घरात कॉम्प्युटर एकच आणि हक्क सांगणारे दोघं — इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली सुजाताताई, आणि नुकताच कॉलेजात गेलेला मी. तिला विंडोज हवं, मला लिनक्स. हार्ड डिस्क बेताची. मग तिचे भाग पाडले; एकात तिचं, एकात माझं. ॲप बनवायचं ते अगडबंब सॉफ्टवेअर तिसऱ्या भागात एकदाच टाकलं, दोन्हीकडून तेच वापरायचं. बिऱ्हाडं दोन, स्वयंपाकघर एक. ताईचं प्रोजेक्टही त्याच तिसऱ्या भागात होतं.

यात एकच धोका होता. विंडोज पूर्ण बंद न करता नुसतं झोपवलं, म्हणजे हायबरनेट केलं असेल, तर दुसऱ्या बाजूने त्या तिसऱ्या भागात काहीही लिहायचं नाही. विंडोज जागं होतं ते जुन्याच आठवणी घेऊन. मधे कोणी काय हलवलं ते त्याला ठाऊक नसतं, आणि सगळा चिवडा होतो. बाबांना हे सांगितलं तर ते हसले आणि दुसऱ्या दिवशी प्लांटमधून एक जुना लाल टॅग घेऊन आले. तिकडे मशीनवर कोणी काम करत असलं की स्विचला तो टांगतात. विंडोज झोपवलं की आम्ही तो मॉनिटरला टांगायचं ठरलं.

"ज्यानं लावला त्यानंच काढाचा," बाबा म्हणाले. "दुसऱ्यानं काढला का माणूस मरते."

एका दुपारी ताईने काम उघडं ठेवून विंडोज झोपवलं, मॉनिटरला टॅग टांगला आणि मावशीकडे चरोद्याला गेली. दुसऱ्या दिवशी एका कंपनीची माणसं कॉलेजात तिचं प्रोजेक्ट बघायला येणार होती. नोकरी ठरल्यात जमा होती. आणि मला काय हवं होतं? सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकून बघायची होती, मित्रांपुढे मिरवायला. बस्स, एवढंच. संध्याकाळपर्यंत थांबलो असतो तर काय बिघडलं असतं?

मी टॅग काढला. लिनक्स सुरू केलं. तिसरा भाग उघडताना इशारा आला — विंडोज झोपलेलं आहे, इथे फक्त वाचता येईल. त्याचा अर्थ मला पुरता ठाऊक होता. तो धुडकावून लावायची कमांडही ठाऊक होती. ती मी दिली आणि नवी आवृत्ती टाकली.

नंतर विंडोज जागं केलं आणि ताईचं फोल्डर उघडलं. आत नुसता कचरा, वेडीवाकडी अक्षरं, एकही फाइल उघडेना. पेनड्राइव्हवर जी प्रत होती ती जुनी, अर्धवट. तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. टॅग माझ्या हातातच होता.

आता खरं सांगतो — इथवरचं सगळं फिरून फिरून बोलणं होतं. टॅग काढला हा माझा उतावळेपणा. पण कडी वाजल्यावर मी तो मॉनिटरला परत टांगला नाही. टेबलाच्या खणात टाकला, एरवी तो असायचा तिथे. कशासाठी? 'टॅग नव्हताच, म्हणून मी चालू केलं' असं म्हणता यावं म्हणून. तेवढ्या घाईतही हे मला सुचलं.

आणि मी तसंच म्हणालो. ताई पांढरीफटक पडली. "लावला होता मी... लावला होता ना रे?" तिने खण उघडला. टॅग तिच्याच हाताला लागला.

बाबा शिफ्ट करून आले. ओरडले नाहीत. "प्लांटमंदी असं विसरली असती तं?" एवढंच म्हणाले आणि हात धुवायला गेले. ताईने मान खाली घातली. मी बाबांना टॉवेल नेऊन दिला.

कंपनीची माणसं आली आणि गेली. पुढच्या मुलाखतींना ताई गेलीच नाही. "मले जमनार नाही, मी विसरते," म्हणाली. आज ती सिविक सेंटरच्या बाजारात एका दुकानात लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देते. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. ती कधी जुन्या घराचा विषय काढते आणि मी घाईघाईने दुसरंच काहीतरी बोलायला लागतो. आता तिला आठवणार, टॅगची दोरी मॉनिटरमागून कशी ओवली ते आठवणार, आणि ती माझ्याकडे बघणार! तिला कधीच आठवत नाही. तरी भीती जात नाही.

मागच्या खेपेला तिच्याकडे गेलो, तेव्हा आम्ही दोघं बाहेर निघालो होतो. कुलूप लावून ती फाटकापर्यंत आली आणि थबकली. परत गेली, कुलूप ओढून बघितलं. पुन्हा आली, पुन्हा थबकली.

"गॅस बंद केला ना रे मी? तू पाह्यलं ना?"

मी पाहिलं नव्हतं.

"केला ताई," मी म्हणालो.

"तू म्हनून राहिला तं मंग केलाच असन," ती म्हणाली, आणि निश्चिंत होऊन ऑटोत बसली.