तुम्हा लोकांची झोप

बाईंना झोप येत नसे आणि मला येत असे. एवढ्यावरून त्यांनी माझ्याशी वैर धरलं.

मी वाशीमकडची. नवरा पुण्यात एका कारखान्यात रात्रपाळीला लागला म्हणून आम्ही इकडे आलो आणि कोथरूडच्या टेकडीच्या पायथ्याशी पत्र्याची खोली घेतली. म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीला बायका पुरवणारं एक ब्युरो होतं, तिथे मी नाव घातलं. बारावी पास म्हणून त्यांनी मला ‘चांगल्या घरी’ पाठवलं. चोवीस तासांचं काम होतं. रविवारी दुपारी घरी जायची सुट्टी.

बाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. ऐंशीच्या पुढे वय, गुडघे गेलेले, बाकी तब्येत ठणठणीत. मुलगा परदेशात. पहिल्या दिवशी त्यांनी मला पलंगाच्या पायथ्याशी चटई दाखवली.

“गादी लागत नाही ना तुला? तुम्हा लोकांना सवय नसते. उगाच पाठ धरते.”

“चालते मले चटई,” मी म्हटलं.

“मले नाही. मला.”

मी ‘मला’ म्हणायला शिकले. आता माहेरी गेले की बहिणी हसतात, पुणेकरीण झाली म्हणतात.

सुरुवातीला दिवसभर राबून पाठ टेकली की मी मेल्यासारखी झोपायचे. ते बाईंना सहन होईना. “झोपलीस का?” असं त्या विचारायच्या. उत्तर दिलं की पाणी हवं असायचं, नाही दिलं तर आवाज चढायचा. मुलाने परदेशातून टेबलावर ठेवायची घंटी पाठवली होती, ती त्यांनी परत खोक्यात घातली. “शेजारच्यांची झोपमोड होते. बरं दिसत नाही,” म्हणाल्या. मग त्यांनी स्वतःच तोड काढली. परकराची जुनी नाडी घेतली, एक टोक आपल्या मनगटाला बांधलं आणि दुसरं माझ्या पायाच्या अंगठ्याला बांधायला लावलं. गाठ नीट बसली की नाही तेही वाकून पाहिलं. मुख्याध्यापिकाच त्या.

नाडी ओढली की मी उठायची. पाणी द्यायचं, पाय चेपायचे, उशी उलटी करायची. थोड्या वेळाने त्यांचा श्वास जड व्हायचा. मी आडवी व्हायची आणि अंगठ्याकडे लक्ष ठेवून पडायची. आता ओढतील, मग ओढतील. त्या ओढत नसल्या तरी मला ओढल्यासारखं वाटायचं.

शेजारच्या इमारतीत त्यांचे डॉक्टर होते, घरातल्या सगळ्यांचे जुने डॉक्टर. दर पंधरवड्याला मी बाईंना तिथे न्यायची. डॉक्टर त्यांना ‘आपण’ म्हणायचे. आपण चहा किती वाजता घेता, गादी मऊ आहे की कडक, मुलाचा फोन येतो का, मनाला काही लागून राहिलंय का, असं सगळं विचारायचे. बाहेर रांग थांबलेली असायची. बाई अगदी खुलून बोलायच्या.

“डॉक्टर, हिला विचारा ना काय खाते ते,” एकदा त्या माझ्याकडे बोट करून म्हणाल्या. “पाठ टेकली की घोरायला लागते. मला तेच औषध द्या.”

डॉक्टर हसले. “अहो, ती कष्टाची झोप. त्याची गोळी निघालेली नाही अजून. ह्या लोकांना कधी निद्रानाश झालेला पाहिलाय का आपण?”

“डोक्यात काही नसलं की बरं असतं,” बाई म्हणाल्या.

मी तोवर चार महिने अख्खी रात्र झोपलेली नव्हते. हिंमत करून म्हटलं, “डॉक्टर, मला चक्कर येते. दिवसा डोळे मिटतात. बसमध्ये झोप लागली आणि पार स्वारगेटला जाऊन पोचले परवा.”

डॉक्टरांनी माझ्याकडे न पाहता बाईंना विचारलं, “हिची झोप होते ना नीट?”

“डाराडूर.”

“मग रक्त कमी असेल.” त्यांनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. “हिरव्या भाज्या खात जा ग.”

बाई म्हणाल्या, “आमच्याकडे खातेच आहे.”

त्या दिवाळीला मुलगा आला. त्याने मोठ्या दवाखान्यातून झोपेची तपासणी ठरवली. एक तंत्रज्ञ घरी आला, बाईंच्या डोक्याला, छातीला, बोटाला वायरी चिकटवल्या. मला सांगितलं, “ताई, वायर निघाली तर परत लावा. तुम्ही जाग्या रहा.” मी स्टुलावर बसले. त्या रात्री नाडी नव्हती. बाईंना हलायची भीती वाटत होती, म्हणून त्या गप्प पडून राहिल्या आणि तोंड उघडं टाकून झोपल्या. पोट खालीवर होत होतं. मला त्यांचं तोंड बंद करावंसं वाटलं. कसं, ते मी लिहीत नाही.

आठवड्याने अहवाल घेऊन आम्ही जुन्या डॉक्टरांकडे गेलो. मुलगा तोवर परत गेला होता, तो मोबाईलच्या पडद्यावर होता. डॉक्टर जपून बोलले. “बाई, तशी चांगली बातमी आहे. आपण झोपता. आपल्या वयाच्या मानाने छान झोपता. फक्त झोप लागली होती हे आपल्याला जाणवत नाही. असं होतं काही जणांचं.”

बाईंचा चेहरा लाल झाला. “म्हणजे मी खोटं बोलते?”

“तसं नाही—”

“ही साक्षीला आहे. सांग ग. मी रात्रभर जागी असते की नाही?”

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. पडद्यावरचा मुलगासुद्धा. मी सांगितलं ते खरं सांगितलं. “बाई उठवतात, मी पाय चेपते. मग त्या झोपतात. मी जागी राहते.”

मग डॉक्टर खो खो हसले. “अहो, मग मशीन चुकीच्या बाईला लावलं की आपण!” मुलगाही हसला. कोणीतरी पुढे काही विचारेल म्हणून मी थांबले होते. डॉक्टरांनी घंटी वाजवून पुढच्या पेशंटला बोलावलं.

घरी येऊन दार लावल्यावर बाई म्हणाल्या, “मी झोपते ना? मग आता तू बघच. आजपासून स्टुलावर बसायचं. माझे डोळे मिटले की मला उठवून सांगायचं, ‘बाई, तुम्ही झोपलात.’ बघू या कोण खरं ते.”

मी बसू लागले. मी त्यांना उठवलं की त्या म्हणायच्या, “खोटारडी. मी जागीच होते.”

महिन्याभराने सकाळी ओट्यापाशी दूध तापवताना उभ्या उभ्या माझा डोळा लागला. मी पुढे कलले, हात पातेल्याला लागून ते कलंडलं आणि उकळतं दूध डाव्या हातावर आलं. मी ओरडले. बाहेरून बाईंचा आवाज आला, “सगळं सांडलं? की आहे थोडं चहापुरतं?”

डॉक्टरांनी माझा हात धुऊन पट्टी बांधली. “भाजलं कसं?”

“झोपली होती,” बाई म्हणाल्या. “उभ्या उभ्या. घोड्यासारखी.”

“रात्री मोबाईल बघत बसत असशील,” डॉक्टर मला म्हणाले. “ते बंद कर आधी.”

एका हाताची बाई कोणाच्या कामाची? ब्युरोने दोन दिवसांत झारखंडची एक मुलगी पाठवली. मी पिशवी भरत होते तेव्हा बाई तिला चटई दाखवत होत्या. त्यांनी मान वळवून पाहिलंही नाही.

खोलीवर नवरा रात्रपाळी करून आलेला, कानावर उशी दाबून पडलेला. भिंतीला लागून फॅब्रिकेशनचं दुकान, दिवसभर लोखंड कापायचं मशीन चालायचं. त्याला त्यातही झोप लागायची. मी त्याच्या शेजारी आडवी झाले. नाही लागली. दुसऱ्या दिवशीही नाही. आज पाच वर्षं झाली, हातावरचा डाग पांढरा पडला, पण झोप काही परत आली नाही. महापालिकेच्या दवाखान्यात एकदा सांगितलं. तिथली तरुण डॉक्टर चांगली होती, तिने “कधीपासून?” असं विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं, तोवर मागच्या बाईचं मूल ओकलं.

झारखंडची मुलगी मला गेल्या वर्षी मंडईच्या बाहेर भेटली. तोवर तिला मराठी यायला लागलं होतं, ‘मला’ म्हणत होती. बाई गेल्या, तिने सांगितलं. झोपेत गेल्या. सकाळी चहा घेऊन गेली तेव्हा अंग गार होतं. सोसायटीतले लोक आले, किती भाग्याचं मरण म्हणाले. मुलगा विमानाने आला आणि त्याने हिला समोर उभं केलं.

“आई गेली तेव्हा तू काय करत होतीस?”

“मी खरं सांगितलं, दीदी,” ती म्हणाली. “झोपले होते.”

तिथल्या तिथे त्याने तिला काढलं. ब्युरोनेही नाव कापलं.

“पण दीदी, मला खरंच काही कळलं नाही,” ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. “इतकी गाढ झोप लागली होती.”

मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता. मला तिचा राग आला. माझी बस आली होती, मी निघाले.