श्वास न घेणारी गायिका

अदलियातल्या त्या कार्यक्रमात गाणं कंप्युटरमुळे बिघडलं नव्हतं. माझ्यामुळे बिघडलं होतं. हे मी चार महिने कोणाला सांगितलं नाही.

माझ्या नातीला आणि तिच्या मित्रमैत्रिणींना जपानी गाण्यांचा नाद आहे. त्यांची लाडकी गायिका माणूसच नाही. आवाज कंप्युटरचा, रूप चित्राचं. पारदर्शक पडद्यावर ती नाचत गाणार आणि शेजारी खरी माणसं वाद्यं वाजवणार, अशी ती मैफल. ड्रम वाजवायला कोणी मिळेना, म्हणून मला घेतलं. वसईच्या लग्नांत आणि नंतर इथे आखातात आल्यावर हॉटेलांत मिळून चाळीस वर्षं मी ड्रम वाजवलेत.

"ग्रँडपा, शी वोन्ट वेट फॉर यू," नातीने बजावलं. कंप्युटर ती सांभाळणार होती. गायिका ठरलेल्या वेगाने गाते. त्या वेगाची टकटक फक्त माझ्या कानात येणार आणि बाकीचे माझा ठेका धरून वाजवणार.

दुसऱ्या गाण्यात मी तो कानातला इअरफोन काढून ठेवला. या वयात तालाची शिकवणी नको वाटली. बरं चाललंही होतं. मग शेवटच्या ओळीआधी पडद्यावरच्या बाईंनी हात वर केला, मान झुकवली. अशा जागी गायक श्वास घेतो, आणि साथ करणाऱ्याने तो घेऊ द्यायचा असतो. मी अदबीने थांबलो. बाईंना फुप्फुसंच नव्हती. त्या पुढे निघून गेल्या. माझ्याबरोबर गिटारवालेही अडले. बाई वाकून निरोप घेत होत्या तेव्हा आमची अर्धी ओळ शिल्लक होती. लोक हसले.

"लॅपटॉप अटक गया शायद," गिटारवाला म्हणाला.

"पुराना है ना," मी म्हणालो.

गटाने ठरवलं, सीफ भागातल्या पुढच्या कार्यक्रमाला कंप्युटरवर दुसरं कोणी बसेल. नात रोज ती फाइल उघडून चूक शोधत बसायची. तिची आई, म्हणजे माझी मुलगी, तिला ऐकवायची, "जबाबदारी घेतली की नीट तपासावं. माझ्या पपांकडे बघ, एवढ्या वर्षांत एक ठोका चुकला नाही."

पपा समोर बसून आमटी भुरकत असायचे.

गेल्या शुक्रवारी नात कंप्युटरचं काम दुसऱ्या मुलीला समजावून देत होती. "आय कुडन्ट फाइंड द मिस्टेक, सॉरी," असं तिने त्या मुलीला सांगितलं, तेव्हा मात्र मी सगळ्यांसमोर खरं बोललो.

"अंकल, पर रुके क्यों?" गिटारवाल्याने विचारलं.

"वो साँस लेगी, इसलिए."

पोरं इतकी हसली की रागवायचं राहूनच गेलं. कंप्युटर पुन्हा नातीकडे आला.

घरी परतताना बुदैयाच्या रस्त्यावर गाडी नातच चालवत होती. ती हसली नव्हती.

"फोर मन्थ्स, ग्रँडपा. नाऊ यू टेल मम्मी."

मुलगी दारातच भेटली. चपला काढायच्या आधी सांगून टाकलं.

"पपा, म्हणजे चाळीस वर्षांत असं किती वेळा झालं?"

"हॉटेलातले गायक सांभाळून घ्यायचे," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे लक्ष दिलं नाही. नातीचा हात धरून म्हणाली, "चुकलं माझं, बाळा. उगाच बोलले तुला."

ते वाक्य पहिल्यांदा मी म्हणायला हवं होतं. मग मीही म्हटलं.