कुड्यांतला निळा उजेड

लेकीच्या साखरपुड्याची अंगठी घ्यायला आम्ही तिघं सराफाकडे गेलो होतो. तिला आवडलेल्या हिऱ्यावर त्याने दिवा मालवून जांभळ्या उजेडाची छोटी बॅटरी धरली, तसा हिरा आतून निळा उजळला.

"असे हिरे थोडे स्वस्त मिळतात," तो म्हणाला. "काही उन्हात दुधाळ दिसतात. हा तसा नाही, पण गिऱ्हाईक बिचकतं."

"म्हणजे खोट आहे?" लेकीने हात मागे घेतला.

नीट बघायला बायको पुढे वाकली आणि तिच्या कानातल्या कुड्यांचे दोन-तीन हिरे तसेच निळे उजळले. माझ्या आईने आमच्या लग्नात तिला घातलेल्या कुड्या. रोज सकाळी त्यांच्यासमोर बसून मी चहा पितो. घरच्या माणसाला आपण कायम एकाच उजेडात बघतो आणि तेवढंच ते आहे असं धरून चालतो.

"काय बघताय सगळे?" बायको म्हणाली.

"आई, जरा अशीच थांब," लेक म्हणाली, आणि सराफाला म्हणाली, "हाच द्या."

बाहेर उन्हात कुड्या नेहमीसारख्याच पांढऱ्या होत्या. तरी मी बघत राहिलो.

"आता काय?" बायकोने विचारलं, आणि कानावरचे केस मागे सारले.