अक्काच्या भाषेतली वाक्यं

माझी अक्का नववीत असताना एक दिवस शाळेतून लवकर घरी आली, ती परत शाळेत गेलीच नाही. वर्गाकडे जाताना ती जिन्यातच खाली बसली आणि तिला उठता येईना. दोन मैत्रिणींनी तिला धरून शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरापर्यंत आणलं. लहानपणी तिला सांधे सुजून ताप यायचा. त्या तापानं हृदयाची झडप आखडली आहे, असं डॉक्टरांनी अप्पांना सांगितलं. दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन घ्यायचं, मीठ कमी खायचं, जिने चढायचे नाहीत. मी तेव्हा पाचवीत होते. मला वाटलं, जिना नसलेली शाळा शोधली की झालं.

पुढच्या खोलीत खिडकीशी तिची खाट लावली. पाठीला तीन उशा, कारण आडवं झालं की तिला धाप लागायची. गल्लीतलं तिला थोडंच दिसायचं, पण ऐकू सगळं यायचं. शेजारच्या तेलुगू कुटुंबाचे माग दिवसभर खडखडत. समोरच्या दारातल्या बायका दखनी उर्दूत भांडत आणि दखनीतच समजूत घालत. आमची अव्वा, म्हणजे आई, अक्कलकोटकडची, तिचं रागावणं, प्रेम, देवाचं सगळं कानडीत. अप्पा नवी पेठेत कापडाच्या दुकानात दिवसभर मराठी बोलून घरी येत आणि दारात चपला काढता काढता कानडीत शिरत. आम्ही दोघी बहिणी आपसात मराठीच बोलायचो, शाळेमुळं.

शाळा सुटल्यावर पाचसहा महिन्यांनी अक्कानं माझ्याकडून एक शंभर पानी वही मागवली. पहिल्या पानावर तिनं एका देशाचा नकाशा काढला. त्या देशात डोंगर नव्हता, चढ नव्हता, जिना नव्हता. एक रुंद, संथ नदी होती आणि लोक नावेतूनच एकमेकांकडे जात. मला वाटलं, आता ती गोष्ट लिहील. पण तिनं दुसऱ्या पानापासून शब्द लिहायला घेतले. पाण्याला लोश. पिणं म्हणजे हुम. मुलगी ती नेझा.

"ही कुठली भाषा?" मी विचारलं.

"तिथली."

"तिचं नाव काय?"

"नाव कशाला? त्यांना दुसरी भाषाच माहीत न्हाय. मग आपल्या भाषेला ते नाव कशाला ठेवतील?"

अव्वाला हे कळलं तेव्हा ती ज्वारीचं पीठ मळत होती. हात तसेच ठेवून ती बाहेर आली आणि म्हणाली, "या गल्लीत चार भाषा ऐकू येतात. त्यात पाचवी कशाला गं?"

अक्का म्हणाली, "त्या चारींत येणारा जाणारा मला विचारतो, बरं हाय का. पाचवीत कुणाला विचारता येणार न्हाय."

अव्वा पिठाचे हात घेऊन आत गेली.

आठ दिवसांत मी चाळीसेक शब्द पाठ केले आणि फुशारकीनं म्हणून दाखवले. अक्का खूश झाली नाही. "शब्द कुणीबी पाठ करतंय," ती म्हणाली. "वाक्य लिहून दाखव." मी लिहिलं, नेझा लोश हुम. मुलगी पाणी पिते. तिनं लाल पेन्सिल घेतली आणि सगळं खोडलं. तिथं आधी काय झालं ते सांगतात, मग कशाचं, आणि कुणी केलं ते सगळ्यांत शेवटी. माणूस स्वतःला पुढं करत नाही. म्हणून हुम लोश नेझा. मी तसं लिहिलं. तरी तिनं खोडलंच.

"अजून वाक्य झालं न्हाय. शेपूट कुठाय?"

हे शेपटाचं प्रकरण मला फार जड गेलं. त्या भाषेत प्रत्येक वाक्याच्या शेवटी तीनपैकी एक अक्षर लावावंच लागे. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असेल तर ता. नुसतं ऐकलं असेल तर रू. आणि पाहिलं नाही, ऐकलं नाही, आपल्याला नुसतं वाटतं किंवा तसं व्हावंसं वाटतं, तर मे. मी म्हटलं, एवढं कशाला? ती म्हणाली, "मराठीत म्हणे असतं की. पाऊस आला म्हणे. अव्वाच्या कानडीत अंते असतं. पण लोक ते लावायचं विसरतात आणि ऐकलेलं पाहिल्यासारखं सांगत सुटतात. माझ्या भाषेत विसरलं तर वाक्यच होत न्हाय."

खाटेवर पडून ती सगळं ऐकूनच जाणायची, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही. मला ती शाळेतल्या बाईंसारखी नुसती कडक वाटायची.

मग आमचा रोजचा नेम झाला. शाळेतून आले की दप्तर टाकायचं, शेंगा आणि गूळ खायचा आणि त्या दिवशी पाहिलेल्यातलं काहीतरी तिच्या भाषेत लिहायचं. पहिली काही वाक्यं मी शाळेच्या वहीत पाठीमागं लिहिली आणि ती सगळीच चुकली. कधी क्रियापद मागं राहायचं, कधी शेपूट विसरायचं. एके दिवशी तिनं वाक्य वाचलं आणि पेन्सिल उचलली नाही. शेजारच्या म्हातारीनं सूत उन्हात वाळत घातलं, मी पाहिलं, एवढंच ते वाक्य होतं. "बरोबर," ती म्हणाली, आणि आपल्या वहीत मागच्या बाजूला तिनं ते स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतलं. बरोबर आलेली वाक्यं ती तिथं ठेवणार होती. आयुष्यात मला नंतर बक्षिसंही मिळाली, पण त्या संध्याकाळसारखं वाटलं नाही.

ती मला मुद्दाम बाहेर पाठवी. नवी पेठेत जा, अप्पांच्या दुकानापर्यंत जा, काय दिसतंय ते बघून ये. तिच्या स्वतःच्या वाक्यांना रू लागायचा. ता माझ्याकडं होता. मी आणलेल्या वाक्यातला ता ती बोटानं चाचपून बघायची. दुष्काळाच्या वर्षी तिनं मला देवळाच्या तळ्याकडं पाठवलं. तळं आटून चिखल झाला होता, मेलेल्या माशांचा वास येत होता. मी घरी येऊन लिहिलं की तळं भरलंय, नाव चाललीय, आणि खाली ता लावला. अक्कानं वाचलं आणि म्हणाली, "सकाळीच समोरच्या चाची सांगत होत्या, तळ्यात पोरं क्रिकेट खेळतात. माझ्यासाठी खोटा ता लावू नको. मला तेवढा एकच ता मिळतोय."

दोन वर्षं अशी गेली. तिचे पाय सुजू लागले, ओठ निळसर दिसू लागले. अप्पा तिला मुंबईला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. आठवड्यानं दोघं परत आले, तेव्हा अप्पांनी तिला टांग्यातून उचलून आत आणलं. संध्याकाळी स्वयंपाकघरात त्यांनी अव्वाला कानडीत, दबक्या आवाजात सांगितलं की दोन झडपा गेल्या आहेत, फुप्फुसावरही ताण आलाय, ऑपरेशन आता तिला झेपणार नाही. आणायला उशीर झाला, असं तिथले डॉक्टर म्हणाले. औषधं चालू ठेवा, जेवढं चालेल तेवढं चालेल. मी तिथंच शेंगा फोडत बसले होते. अव्वानं हातातलं उलथनं खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं. रडली नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "तिला यातलं काही बोलायचं न्हाय."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर अक्का वही मांडीवर घेऊन माझी वाट बघत होती.

"काल आत अप्पा काय म्हणाले?"

मी दप्तर खुंटीला अडकवायला वळले.

"अव्वानं तोंडानं सांगू नको म्हटलं असंल. तोंडानं नको सांगू. लिही."

मी पेन्सिलीला टोक केलं. मग लिहिलं की अक्का बरी होते. क्रियापद आधी, अक्का शेवटी आणि त्याला रू लावला. ऐकलं म्हणून. अक्कानं वाक्य वाचलं. बाहेर माग चालू होते. तिनं लाल पेन्सिल घेतली, रू वर एक बारीक रेघ मारली आणि शेजारी मे लिहिलं. मग वही माझ्याकडं सरकवली.

"बाकी वाक्य बरोबर हाय," ती म्हणाली. "क्रियापद जागेवर आलंय."

मला रडू आलं तर ती म्हणाली, "अव्वाला कळू देऊ नको, मला कळलंय म्हणून." त्या दिवसापासून आमच्या घरात चौघंही तेच जाणत होती आणि चौघंही एकमेकांपासून ते लपवत होती.

त्यानंतर ती स्वतः भराभर लिहायला लागली. माझे धडे कमी झाले. मी विचारलं की हा शब्द कशाचा, तर म्हणायची, "अर्थ मागनं सांगते. आधी लिहून होऊ दे." पानामागून पान भरत होतं. मी नवा शब्द बघितला की वहीच्या पुढच्या यादीत शोधायचे, तो तिथं नसायचा. यादी लिहायला आता तिला दम नव्हता आणि मीही हट्ट धरला नाही. मला वाटलं, वेळ आहे.

थंडीतल्या एका सकाळी अव्वा तिला चहा देत होती. कप अक्काच्या हातातून सुटला. अव्वा रागावली, मग तिनं अक्काचं तोंड बघितलं. ते एका बाजूला ओढलं गेलं होतं. उजवा हात आणि उजवा पाय गेला आणि वाचा गेली. हृदयातली रक्ताची गुठळी मेंदूत गेली, असं डॉक्टर म्हणाले. ती फक्त बा, बा एवढंच म्हणू शकायची. पाणी हवं असलं तरी बा आणि नको असलं तरी बा. मराठी कळत होतं की नाही ते सांगता येत नव्हतं. अव्वा कानडीत हाका मारायची तेव्हा ती नुसती बघायची.

मी तेव्हा तेरा वर्षांची होते. माझ्या डोक्यात एक कल्पना बसली. मराठी गेली, कानडी गेली, पण ती पाचवी भाषा तिनं स्वतः बनवलेली, ती डोक्यात वेगळ्या जागी असेल, ती उरली असेल. मी पाटी घेतली आणि तिच्या भाषेत वाक्य लिहिलं. तहान लागली का, असं विचारायचं होतं, पण प्रश्न कसा विचारायचा ते आम्ही शिकलोच नव्हतो. म्हणून लिहिलं, हुम लोश नेझा मे. पाटी तिच्यासमोर धरली. तिनं पाटीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. डाव्या हातात पेन्सिल दिली. तिनं पाटीवर एक वाकडी रेघ ओढली आणि थांबली.

दुसऱ्या दिवशी मी दुसरं वाक्य लिहिलं. तिसऱ्या दिवशी मुद्दाम चुकीचं लिहिलं, शेपूट न लावता, म्हणजे ती खोडेल. पाटीवर उमटणार नाही तरी लाल पेन्सिल तिच्या बोटांत अडकवून दिली. ती त्या अक्षरांकडं बघत राहिली, तिचा श्वास वाढला आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. बा, बा करत तिनं डाव्या हातानं पाटी ढकलली. ती खाली पडून फुटली.

अव्वा आतून आली. तिनं मला मारलं नाही. तुकडे गोळा करता करता म्हणाली, "पुरे कर. तिचं काय गेलंय ते तिला रोज दाखवू नको."

मला अजून त्याची लाज वाटते. मी तिला मदत करत नव्हते. मला माझी बाई परत हवी होती.

उन्हाळा सुरू होता होता ती गेली. दुपारची वेळ होती, मी शाळेत होते. घरी आले तर गल्लीत माणसं उभी होती आणि शेजारचे माग बंद होते.

पुढं महिन्याभरानं अव्वानं खाट उचलायला घेतली, तेव्हा गादीखाली वही सापडली. अव्वा कानडी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. तिला देवनागरी वाचता येत नव्हती. तिनं वही माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाली, "वाच."

"अव्वा, मला सगळं कळत न्हाय."

"कळू दे न कळू दे. वाच."

मी शेवटची पानं वाचली. मध्येच पाणी, नाव, मुलगी एवढे शब्द ओळखीचे निघायचे. बाकी नुसते आवाज. अव्वा खाटेच्या चौकटीवर हात ठेवून ऐकत होती. संपल्यावर तिनं विचारलं, "यात मी कुठं हाय का?"

आईला त्या भाषेत काय म्हणतात ते अक्कानं मला कधी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "हाय."

"कुठं?"

मी एका शब्दावर बोट ठेवलं. अव्वानं त्याचा उच्चार विचारला आणि दोनदा म्हणून बघितला. मग वही पदरानं पुसून स्वतःच्या ट्रंकेत ठेवली.

लग्न होऊन मी मोहोळला आले, तेव्हा तिनं ती वही मला दिली. त्या शब्दाबद्दल तिनं परत काही विचारलं नाही आणि मीही खरं सांगितलं नाही. मी पुष्कळदा ती पानं उलगडायचा प्रयत्न केला. कुठला शब्द कितीदा येतो ते बघितलं, क्रियापदं कुठली असतील ते जागेवरून ताडलं. एकेका ओळीचा काहीतरी अर्थ लावायचे आणि दुसऱ्या दिवशी तो मीच रचलेला वाटायचा. नंतर सोडून दिलं.

वहीच्या मागच्या बाजूला तिच्या अक्षरात माझी अकरा वाक्यं आहेत. तेवढी मला न बघता लिहिता येतात. बारावं लिहायला मी तीनचारदा बसले. लिहून होतं, पण ते बरोबर आहे की चूक ते मला कळत नाही आणि विचारायला कुणी नाही.