सिपोराबाईंचं उघडं दार

ओझरच्या विमान कारखान्याच्या वसाहतीत नर्स असताना सिपोराबाई कधी गांगरल्या नव्हत्या. आज मात्र नाशिकच्या छोट्याशा स्टुडिओत, तिसरी घंटा ऐकलेल्या नव्या नटासारख्या त्या माइकभोवती येरझाऱ्या घालत होत्या. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, प्रार्थनांचा अल्बम निघत होता, आणि त्यात त्यांच्या वडिलांची चाल येणार होती. रोह्याच्या घरी संदेष्टा एलियाहूला बोलावताना ते ती गात. आता ती फक्त बाईंच्या गळ्यात उरली होती. स्टुडिओ आजचाच मिळाला होता आणि आज शुक्रवार. सूर्य मावळला की शब्बाथ, ज्यूंचा विसाव्याचा पवित्र दिवस सुरू; मग माइकसमोर उभं राहणं नाही.

रेकॉर्डिंग करणाऱ्या ज्ञानेशनं जाड दार लावलं. बाई गायल्या. सूर निघाला तो चार दिवसांच्या उपाशी माणसाचा. दुसऱ्यांदाही तेच.

"मावशी, घरी तर छप्पर उडवतेस," अल्बम काढणारा भाचा रूबेन म्हणाला.

"घरी दार उघडं असतं रे. बाबा आधी दार उघडायचे, मग सूर लावायचे. पाहुण्याला बोलवायचं आणि कडी घालायची?"

"सिस्टर, दार उघडलं तर अख्खी गल्ली अल्बममध्ये येईल," ज्ञानेश कळवळला.

"मग गल्लीला गप्प करू."

रूबेन धावत बाहेर गेला. समोरच भाजीवाली छाया. बाई शेजारच्याच गल्लीत राहायच्या, आणि मेथीच्या जुडीवरून ही त्यांच्याशी रोज भांडायची.

"शिस्टर गाणार? मंग कोण आवाज करतंय तेच बघते."

तिनं हातगाडी रस्त्यात आडवी घातली. एका रिक्षावाल्याचा हात हॉर्नकडे गेला, तर तिनं त्याच्यावर मुळा उगारला.

दार उघडलं. कलतं ऊन आत आलं. बाईंनी डोळे मिटले, आणि लांबून येणाऱ्याला अंगणातून हाक द्यावी तसा सूर उठला. एलियाहूच्या नावावर असा काही चढला, की ज्ञानेश खुर्चीतून अर्धा उठला. रूबेनच्या अंगावर सरसरून काटा आला.

शेवटच्या ओळीला दारात चपला वाजल्या. फटक, फटक. छायाला राहवलं नव्हतं. पहारा सोडून ती ऐकायला आली होती.

"काय लागला होता सूर," ज्ञानेश हळहळला. "पुन्हा घ्यायला वेळ नाही. बघतो, चपलांचा आवाज पुसता येतो का."

बाईंनी घाईनं पर्स उचलली. ऊन पायरीवर उतरलं होतं, घरी जाऊन शब्बाथचे दिवे लावायचे होते.

"हात लावू नकोस. एवढं बोलावल्यावर कोणीतरी आलं, ते ऐकू येऊ दे की लोकांना."