दगड झालेला वीर

सोफ्यांना कव्हरं शिवणारी धाकटी सुट्टीच्या दिवशी कापड बेतायच्या मोठ्या टेबलावर राक्षस मांडायची. फासे टाकून खेळायच्या साहसाच्या खेळात भाऊ आणि मैत्रिणी वीर व्हायच्या. वाटेत आडवं येणारं सगळं धाकटीच्या हातात. या खेळापायीच तिचा थोरला भाऊ, बसचा ड्रायव्हर, रुसून बसला होता.

कारण दगडनजऱ्या, सहा पायांचा सरडा. नियमांच्या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत त्याचा कारभार एका ओळीचा: नजरेला नजर भिडली की माणूस दगड. दादाचा लाडका वीर गुहेच्या तोंडाशी असाच उभ्याउभ्या दगड झाला.

"फासा तरी टाकू दे की!" दादा ओरडला. धाकटीनं पुस्तक पुढे केलं. ते वाचून तो चहा अर्धा टाकून निघून गेला.

दुसऱ्या आवृत्तीत बचावाचा फासा मिळाला, पण आधीच दगड झालेल्यांबद्दल चकार शब्द नाही. दादा घरी यायचा, जेवायचा. टेबलाकडे मात्र ढुंकून बघायचा नाही.

तिसरी आवृत्ती आली तशी धाकटीनं पुस्तकांच्या दुकानात उभ्यानंच सरड्याचं पान काढलं. आता तो पायांपासून हळूहळू दगड करायचा, डोक्यानंही तल्लख झाला होता. आणि शेवटी लिहिलं होतं: त्याचं ताजं रक्त लागलं तर दगडाचा पुन्हा माणूस होतो. तिनं तिथूनच फोन लावला.

"दादा, तुझा वीर उठू शकतो!"

"पुस्तक बदललं म्हणून मेलेला उठतो होय गं?"

"मेला कुठे होता? दगडच झाला होता ना!"

पलीकडे डेपोतल्या गोंगाटात दादानं आवाज चढवला. "रविवारी येतो. तुझ्या वहिनीलाही आणतो."

रविवारी धाकटीनं कुणाचीच गय केली नाही. मैत्रिणींचे वीर गुहेत शिरताच गारद झाले. उरली नवखी वहिनी, हातात धनुष्य, कमरेपर्यंत दगड.

"वन्सं, आता काय करू?"

"टाका फासा."

वीस बाजूंचा फासा घरंगळला आणि वीसवर थांबला. त्याहून मोठा आकडाच नाही! बाण सरड्याच्या गळ्यात घुसला, रक्ताची चिळकांडी थेट त्या जुन्या दगडावर उडाली.

दादा खुर्चीवरून उठलाच. "माझा वीर तलवार उपसतो," तो म्हणाला. त्यानं फासा टाकला. सरडा आडवा!

मैत्रिणींनी आरोळी ठोकली, वहिनीनं दादाच्या पाठीत धपाटा घातला, टाचण्यांचा डबा जमिनीवर उधळला. त्या वेचायला खाली बसलेल्या बहिणीला दादा म्हणाला, "राहू दे ते. दुसरा राक्षस काढ. चांगला मोठा काढ."